बाबांच्या टाकीतलं शेवाळ

“ऊन जास्त होतंय तिच्यावर. पडदा ओढ बघू,” बाबा म्हणाले.

मी पडदा ओढला. ऊन टाकीवरून सरकून जमिनीवर आलं, तरी आतला हिरवेपणा होता तसाच. दगडांवर केसांसारखं लांब शेवाळ वाढलं होतं. पंपाच्या झोताबरोबर ते सगळं एका अंगाला कलायचं आणि त्यातून वाट काढत पिवळा मासा फिरायचा. बाबा काचेला नाक लावून उभे होते. माझ्या कडेवरची लेकही त्यांचं बघून नाक पुढे करत होती.

“पाणी बदललं, दिव्याची वेळ कमी केली, फेस काढायचं यंत्र उघडून धुतलं. मूळच सापडत नाही याचं.”

“माझी सवत हिरवी पडलीय, दुसरं काय!” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “आता तरी माझ्याकडे बघाल.”

“तू पडलीस हिरवी, तर बघीन,” बाबा म्हणाले, आणि दोघंही आपापल्या जागी हसली.

मला आठवतंय तेव्हापासून ही खाऱ्या पाण्याची टाकी आमच्या पुढच्या खोलीत आहे. बाबा कवळ्या बनवायचे. आतल्या खोलीत त्यांचं टेबल, प्लास्टरचा पांढरा धुरळा, गुलाबी हिरड्यांचे तुकडे. दिवसभर अनोळखी माणसांच्या तोंडाचे साचे हाताळून झाले की ते बाहेर येऊन टाकीसमोर बसत. तिथे कुणालाच दात नसतात, म्हणून बरं वाटतं, असं म्हणायचे.

रविवार म्हणजे पाणी बदलायचा दिवस. बाबा पिंपात समुद्री मीठ ओतायचे, दादा लाकडी उलथन्याने ढवळायचा आणि खारेपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडायचा मान कुणाचा, यावरून आमची मारामारी व्हायची. मग शेवाळलेला एखादा दगड टाकीच्याच पाण्यात बुडवून, बादलीत, दात घासायच्या ब्रशने घासायचा. आमच्या घरात माणसांपेक्षा दगडांचे ब्रश जास्त होते. एकदा मुक्कामाला आलेल्या मामाने त्यातलाच एक उचलून सकाळी दात घासले. सगळे हसून लोळले. बाबा मात्र गंभीर. “पेस्ट लावली होतीस का रे? माशांना चालत नाही ती.”

मासे त्यांचे लाडके होते, पण लाड नव्हते. दिवसातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर, चिमूटभर दाणे. शेजारची मुलं घालू का विचारायची, तर बाबा म्हणायचे, “त्यांच्या पोटात मावतं तेवढंच. उरलेलं शेवाळाच्या पोटात जातं.” पिवळ्या माशाला आई जावईबापू म्हणायची. दिवसभर दगडांवर चरायचं आणि रुबाबात फिरायचं, एवढंच त्याचं काम. माझं लग्न ठरल्यावर तिने ते नाव घाईघाईने बंद केलं.

या खेपेला मी लेकीला घेऊन जरा जास्त दिवस राहायला आले, तर टाकीचं हे असं झालेलं. संध्याकाळी दादाचा फोन आला.

“गेलं का शेवाळ?”

“नाही अजून.”

“मग मी त्या दुकानदाराला सांगतो. येऊन मासे, दगड, सगळं घेऊन जाईल. आईला जड पाणी उचलवत नाही, बाबांचं लक्ष राहत नाही. घाणीत मासे मरण्यापेक्षा बरं ना?”

“थांब जरा. मी आहे ना इथे. मी साफ करते.”

“तू? तुला तुझी पोरगी आवरत नाही,” दादा म्हणाला. पण थांबला.

मी फोन ठेवला आणि बाबांकडे बघितलं. ते फेसाच्या यंत्राचा कप पुन्हा उघडून, पुन्हा धूत होते. टाकी गेली तर या माणसाने या खोलीत बसून काय बघायचं, हे मला काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दिवाणावर लेकीला पाजत होते. बाबा जेवून उठले. हात धुतले, कोरडे पुसले, फळीवरची डबी घेतली. चिमूटभर दाणे पाण्यावर सोडले. “पुरे आता, हावरटांनो,” म्हणाले आणि डबी जागेवर ठेवून आत गेले. मला इतकं बरं वाटलं! तीच चिमूट, तेच बोलणं. जणू मी शाळेतून येऊन दप्तर टाकलंय.

लेक पेंगायला लागली. बाबा बाहेर आले. हात धुतले, पुसले. डबी घेतली.

“पुरे आता, हावरटांनो.”

मी काही बोलणार होते, पण लेक दचकून उठेल म्हणून थांबले. ती गाढ झोपेपर्यंत बाबा आणखी एकदा आले. दर वेळी चिमूट अगदी मापाची. दर वेळी तोंडावर तोच समाधानाचा भाव, दिवसाचं काम झाल्याचा. दाणे हिरव्या केसांत उतरत होते, अडकत होते. मासे बघतही नव्हते त्यांच्याकडे.

लेकीला तशीच खांद्यावर टाकून मी स्वयंपाकघरात गेले. आई ओटा पुसत होती.

“आई, बाबा माशांना पुन्हा पुन्हा खायला घालतायत.”

“हळू बोल.”

“तुला माहितीय?”

तिने फडकं पिळलं, नळावर वाळत टाकलं. “ते झोपले की मी नळीने ओढून काढते तळातलं. बरी चालली होती टाकी. आता तू आलीस, बाळाची मालिश, अंघोळ… राहून गेलं माझ्याकडून.”

“आणि दादाला?”

“काय सांगू त्याला? आज टाकी नेईल, उद्या यांना डॉक्टरकडे नेईल.”

“डॉक्टरकडे न्यायलाच हवं ना, आई.”

“नेलंय मी.” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “गोळ्या चालू आहेत. पित्ताच्या आहेत म्हणून सांगितलंय यांना.”

मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. डबी फळीवरून काढून पिठाच्या डब्यामागे ठेवायची. दाणे मी घालायचे, एकदाच. लेक झोपली की मी बाह्या वर करून टाकीत हात घालायची आणि शेवाळ मुठीमुठीने उपटायची. भिजलेल्या कापसासारखं ते बोटांना गुंडाळलं जायचं, ओलं, गार, समुद्राच्या वासाचं. दगड बाबा घासून देत. त्यांचा हात अजून तसाच हलका होता. मी पाणी बदललं, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणून सोडल्या. हळूहळू काच उजळली. दगडांचा जांभळा रंग खालून वर आला. जावईबापू पुन्हा रुबाबात फिरायला लागले.

बाबा मात्र दुपारी फळीपाशी येऊन उभे राहायचे.

“डबी कुठे गेली?”

“मी घातलं, बाबा, मघाशीच.”

“हो का? बरं झालं. तुम्हाला उगाच त्रास.”

तुम्हाला! मला त्यांनी जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. मी हसून नेलं. पण ते त्यानंतर बसायचेही पाहुण्यासारखे, खुर्चीच्या कडेला. हातात ब्रश. बादलीत घासायला दगड नव्हता. एकदा ते आतल्या खोलीत गेले, काम बंद झाल्यापासून रिकाम्या असलेल्या टेबलाशी उभे राहिले आणि आईला म्हणाले, “अगं, आज कुणाचंच काम आलं नाही का?”

“येईल, अहो. बसा जरा.”

ते बसले. थोड्या वेळाने पुन्हा उठून तेच विचारलं. मग दार उघडून जिन्यात बघून आले, कुणी येतंय का.

आईने हातातली भाजी खाली ठेवली. पिठाचा डबा सरकवला, डबी काढली, पदराने पुसली आणि पुढच्या खोलीत जाऊन फळीवर जिथल्या तिथे ठेवली.

“आई, अगं पुन्हा वाढेल सगळं!”

“वाढू दे.”

“इतके दिवस घालवले मी त्यात.”

“हो ना,” ती म्हणाली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. “छान झाली होती गं. अगदी दुकानातल्यासारखी.”

संध्याकाळी मी दादाला सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, गोळ्यांचं, डबीचं. तो म्हणाला, “पाण्याचे डबे मी येऊन भरून देत जाईन. आईला उचलू देऊ नकोस.” दुकानदाराचं नाव त्याने काढलं नाही.

आम्ही निघायच्या दिवसापर्यंत दगडांवर पुन्हा कोवळी हिरवी लव आली होती. सामान दाराशी बांधून ठेवलं होतं. बाबा स्टुलावर बसून, बादलीत दगड बुडवून घासत होते. लेक त्यांच्या गुडघ्याला धरून उभी होती आणि पाण्यात बोट घालून चाटत होती. तोंड वाकडं करायची, पुन्हा चाटायची.

“नको गं, खारट,” बाबा तिला म्हणत होते. “तुझी आई पण अशीच.”

मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांनी दगड फिरवला. खाचेत ब्रशचं टोक घातलं, फुंकर मारावी तशी मान तिरकी केली. एकेक बाजू स्वच्छ होत आली. मागच्या अंगाला मात्र बोटभर शेवाळाचा झुपका तसाच सोडून त्यांनी दगड पाण्यातून वर काढला.

“बाबा, एवढं राहिलं बघा.”

“दिसतंय मला.” त्यांनी दगड दोन्ही हातांनी अलगद टाकीत ठेवला, झुपका भिंतीकडे करून. “उद्याला नको का काही?”