उत्तरेच्या बांधावरची बाई

केसरीनाथने तीन दिवस जेवणाला हात लावला नाही, तेव्हा चौथ्या दिवशी सकाळी कमळने त्याचा लॅपटॉप जुन्या साडीत गुंडाळला, काखेत मारला आणि अंजूरच्या नाक्यावरून टेमघरची रिक्षा धरली. नवऱ्याच्या अंगात ताप नव्हता की पोटात कळ नव्हती. त्याचा गेम बंद पडला होता. ज्या माणसाने उभा जन्म खाडीचं पाणी बांधाने अडवून खारीत भात पिकवला, तो साठी उलटल्यावर पोराच्या लहानपणीच्या सीडीतल्या खेळासाठी ताटावरून उठून जातो, हे चारचौघांत सांगायची कमळला लाज वाटत होती. पण लाज वाटली म्हणून घरी बसून राहणाऱ्यातली ती नव्हती.

दीड वर्षापूर्वी जमीन गोदामवाल्यांना गेली. आजूबाजूच्या सगळ्यांनी दिली होती. केसरीनाथ एकटा अडून बसला, तेव्हा कमळनेच त्याला भरल्या घरात सुनावलं होतं, "त्या चिखलात काय पुरून ठेवलंय तुमी, सांगा तरी!" त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन सही केली, घरी आला, पाय धुतले, आणि त्या दिवसापासून कमळशी बोलला नाही. इतरांशी बोलायचा. दूधवाल्याशी बोलायचा, गोदामाच्या वॉचमनशी तर तासभर बोलायचा, मुलगा कुणाल पूर्णा गावच्या गोदामातली ड्युटी संपवून आला की त्याच्याशी दोन शब्द बोलायचा. फक्त तिच्याशी नाही. ती समोर चहा ठेवायची, तो पेला उचलायचा, आणि त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर जायची, जशी मोकळ्या जागेतून जाते. त्याने एकदा उठून थोबाडीत मारली असती, आईबापावरून शिवी दिली असती, तरी कमळ सुखाने भांडली असती. तिला एक शब्द हवा होता. शिवीचाही चालला असता.

कुणालने बापाचं मन रमावं म्हणून तो शेतीचा गेम लॅपटॉपवर टाकून दिला होता. परदेशी शेत, परदेशी ठिपक्याठिपक्यांच्या गाई, टोपीवाला एक शेतकरी. केसरीनाथने पहिला महिना नुसतं बघण्यात घालवला. मग एकेक झाड तोडत, एकेक कुंपण हलवत त्याने चार महिन्यांत तिथे आपलीच जमीन उभी केली. तीच सात खाचरं, खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची तीच फळ्यांची उघाडी, तेच कोपऱ्यातलं भेंडीचं झाड, आणि उत्तरेचा तोच उंच बांध. कमळने एकदा पाठीमागून डोकावून पाहिलं, तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. खेळाला माती नव्हती, वास नव्हता, तरी तिच्या तळपायांना तो बांध ओळखू आला.

त्या बांधावर चंद्रा गेली होती. चंद्रा म्हणजे केसरीनाथची पहिली बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, शेतावर न्याहारी घेऊन येताना उत्तरेच्या बांधावर तिला पान लागलं, साप डसला, नि नवरा पोचेपर्यंत संपली. तिच्यामागून कमळ आली. मांडवातून उठल्या उठल्या सासूने तिच्या गळ्यात काळ्या पोतीबरोबर चांदीचा टाक घातला, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईची ठसठशीत आकृती. सवतीचा टाक. नवं लुगडं आलं की आधी तिला लावायचं आणि मग नेसायचं, सणाचा घास आधी तिला दाखवायचा आणि मग खायचा. अठ्ठावीस वर्षं कमळने हे केलं. चंद्राला तिने कधी पाहिलं नव्हतं, तिचा फोटोही घरात नव्हता. जी बाई आपण पाहिलीच नाही तिचं उष्टं जन्मभर खायचं, एवढंच तिला माहीत होतं.

अलीकडे गेम त्या बांधाशीच बंद पडायचा. टोपीवाला शेतकरी खाचरं ओलांडून उत्तरेकडे वळला की पडदा थिजायचा, काळा व्हायचा, आणि खेळ आपोआप बाहेर फेकला जायचा. कुणालने रविवारी गेम काढून पुन्हा टाकून पाहिला.

"आई, नवीन लॅपटॉपला जुना गेम झेपत न्हाय," तो म्हणाला.

"तुज्या जुन्या बापाला मी झेपवते, मग या डबड्याला काय धाड भरली?" कमळ म्हणाली. पण बाप तेव्हाच ताटावरून उठला होता.

मेघालीचं दुकान टेमघरच्या एका जिन्याखाली होतं. तिशीची, केसांच्या बुचड्यात पेन्सिल खोचलेली, शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात मोठ्याने बोलायची सवय लागलेली ही बाई मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्त करायची. तिने साडीतला लॅपटॉप बाहेर काढला आणि हसली.

"काकी, बाळाला आणलंय का लॅपटॉपला?"

"बाळ परवडला असता. माझा माणूस जेवत न्हाय याच्या पायी. नीट कर."

मेघालीने आधी पंख्यातला कापसाचा धुरळा ब्रशने झाडला, गरम होऊन बंद पडत असेल म्हणून. गेम पडला. मग जुन्या विंडोजसारखा चालव अशी लॅपटॉपला सूचना दिली. पडला. चित्र काढणारा ड्रायव्हर बदलला, पुन्हा सुरू केला. तिथेच पडला. शेवटी तिने नवं, कोरं शेत उघडलं आणि शेतकऱ्याला चारी दिशांना पळवला. तो गेम अर्धा तास चालला, एकदाही अडला नाही.

"गेम चांगला आहे, लॅपटॉप पण चांगला आहे," मेघाली म्हणाली. "खराबी काकांच्या शेतात आहे."

"म्हंजे?"

"काकांनी जे शेत सेव्ह करून ठेवलंय ना, त्या फाइलमध्ये. थांबा, माझ्या मशीनवर टाकून बघते."

तिच्या मशीनवरही शेतकरी उत्तरेकडे वळला आणि पडदा काळा झाला. मेघालीच्या कपाळावर आठी आली. तिने शेताची ती फाइल दुसऱ्याच एका प्रोग्राममध्ये उघडली, तेव्हा शेतावर जे जे होतं त्याची ओळीने यादी पडद्यावर आली. घर एक, गाई चार, झाडं इतकी, कुंपणं इतकी, माणूस एक. आणि सगळ्यात खाली एक ओळ, जिला नाव नव्हतं, नुसता आकडा होता आणि जागा होती.

"हे काय आहे कुणास ठाऊक. गेमच्या सामानात असं काही नाहीच. बांधावर ठेवलंय. गेम ते काढायला जातो आणि मरतो."

"दाव मला."

"दिसणार कसं? दिसायच्या आधीच तर पडतो."

"तुला येत न्हाय असं सांग, मी दुसरीकडं जाते."

मेघालीने ओठ चावला आणि पडद्यावरचं चित्र अगदी हलकं, ठोकळ्याठोकळ्यांचं करून गेम पुन्हा लावला. या वेळी शेतकरी वळला, पडदा थिजला, पण काळा व्हायच्या आधी दोन-तीन श्वास थांबला. उत्तरेच्या बांधावर एक बाई उभी होती. पाठमोरी, डोक्यावर पदर, कमरेवर टोपली. चेहरा नव्हता. सगळा भार डाव्या पायावर, उजवा गुडघा जरासा बाहेर. मग अंधार.

शेजारचे लूम खडखडत होते. मेघालीने हळूच कमळकडे पाहिलं. कमळ काउंटरला टेकून उभी होती, डाव्या पायावर, कारण उजव्या गुडघ्यात तिला सहा वर्षांपासून वात होता.

"काकी," मेघाली म्हणाली, "ही बाई अगदी तुमच्या..."

"मला ठाव हाय कोण हाय ती," कमळने तिला मध्येच तोडलं. तिचा आवाज चिरका झाला होता. चंद्राच ती, न्याहारीची टोपली घेऊन, त्याच बांधावर. सही करतानाही ज्याने सांगितलं नाही, ते त्याने चिखलात नव्हे तर इथे पुरून ठेवलं होतं. आपल्याशी दीड वर्षात एक शब्द न बोललेला माणूस रोज सकाळी उठून या बाईकडे चालत जातो, आणि जाता येत नाही म्हणून आपल्या हातचं अन्न नाकारतो! सव्वीस वर्षं न्याहारी कुणी नेली? पावसात, चिखलात, पोटात कुणाल असताना, त्याच बांधावरून? त्याबद्दल कुणी तिचं चित्र काढलं नव्हतं.

"काढून टाक तिला."

"ओळ काढली तर गेम चालेल बहुतेक," मेघाली चाचरत म्हणाली. "पण काकांना विचारा एकदा. त्यांनी ठेवली असेल तर. निदान एक कॉपी काढून ठेवते, परत हवी झाली तर..."

"कॉपी न्हाय नि बिपी न्हाय. परत यायला नको ती. माझ्या घरातली घाण मी काढते, विचारायचं कुणाला? कंचं बटण?"

मेघालीने बोट दाखवलं. कमळने चौथीपर्यंतची शाळा केली होती, सही करायलाही तिला वेळ लागायचा; पण ते बटण तिने चुलीतलं लाकूड आत लोटावं तसं ठामपणे दाबलं. ओळ गेली. यादी वर सरकली. गेम लावला, शेतकरी खाचरं ओलांडून उत्तरेच्या बांधावर चढला, पलीकडे उतरला, आणि नुसता चालत राहिला.

"झालं," मेघाली म्हणाली आणि वर पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा कोरा होता. मग तिने मान झटकली. "हां. बोला मावशी, काय काम होतं?"

"काय काम म्हंजे? तोच तर लॅपटॉप हाय समोर!"

"अरे हो हो, सॉरी. सकाळपासून डोकं फिरलंय या आवाजाने." ती हसली, पण लॅपटॉप साडीत गुंडाळून देताना तिने दोनदा कमळकडे पाहिलं, ओळख लागत नसल्यासारखं.

नाक्यावर अंजूरची रिक्षा उभी होती. मागे दोघी बसल्या होत्या, कमळ तिसरी बसली, तरी ड्रायव्हर बाहेर उभा राहून ओरडत राहिला, "चलो अंजूर, एक सीट, एक सीट!" कमळ कडाडली, "डोळे फुटलेत कं तुझे? भरली ना गाडी!" ड्रायव्हर दचकून वाकला, त्याने आत बघितलं आणि गाडी सुरू केली. शेजारच्या बाईने मांडीवरची पिशवी मधल्या जागेत ठेवली. ती कमळच्या मांडीवर टेकली. कमळने ती ढकलून दिली, पण का कोण जाणे, तिने त्या बाईला काही ऐकवलं नाही.

घरी आली तेव्हा दुपार कलत होती. केसरीनाथ पडवीतल्या खाटेवर तसाच बसून होता. तिने लॅपटॉप त्याच्यापुढे उघडून ठेवला आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. खरं तर तिला त्याचं तोंड पाहायचं होतं. बाई नाही म्हटल्यावर कळवळेल, चवताळेल, दीड वर्षाचं सगळं एकदम बाहेर ओकेल. तिने कंबर कसली होती.

टोपीवाला शेतकरी खाचरं ओलांडून उत्तरेकडे वळला. बांधावर चढला. तिथे कुणी नव्हतं. केसरीनाथने मान थोडी पुढे काढली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि लॅपटॉप हलक्या हाताने मिटला. मग त्याने चेहरा वर केला. दीड वर्षात पहिल्यांदा त्याची नजर मागच्या भिंतीवर न जाता थेट कमळच्या तोंडावर थांबली, आणि त्याच्या पिकल्या मिशीखाली हसू आलं.

"चंद्रा," तो म्हणाला, "आयलीस? कवाची वाट बगतंय. भूक लागली गो."

कमळच्या जिभेवर शिवी आली. अशी की शेजारच्या तीन घरांना ऐकू गेली असती. पण तो बघत होता. तो बोलत होता, तिच्या तोंडाकडे बघून बोलत होता, आणि ती एक शब्द बोलली असती तर ते बघणं पुन्हा भिंतीवर गेलं असतं. शिवी तिने गिळली. घशातून उतरताना ती तिला दुखली.

"वाढते," ती म्हणाली.

खाडीतल्या निवट्या मासळीचं कालवण सकाळचंच होतं. त्याने भात दोनदा मागून घेतला. जेवता जेवता तो बोलत होता. उघाडीचं दार कुजलंय, फळी बदलाया पाहिजे, उधाणाचं पाणी आलं की बांध सांभाळाया लागंल, तू उद्या न्याहारी घेऊन लवकर नको येऊ, पायवाट ओली असते. एवढं तो लग्नाच्या पहिल्या वर्षातही तिच्याशी बोलला नव्हता. त्याचा आवाज तिशीतल्या माणसाचा होता. कमळ समोर बसून होती, मध्येच "हां" म्हणत होती, आणि दर वेळी ते "हां" म्हणणं तिला थोडं सोपं जात होतं.

हात धुवून आल्यावर तो खाटेवर टेकला आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखं थांबला.

"चंद्रा, ती बाय कोण व्हती गो?"

"कंची बाय?"

"तितं, दाराशी उभी असायची. लय वरसं उभी व्हती. रागानं बगायची नुसती." त्याने आवाज खाली आणला. "मी काय बोललो न्हाय तिच्याशी. म्हटलं, बोललो की घरात शिरंल. गेली कं?"

कमळने वळून पाहिलं. चौकटीत उतरतीचं ऊन पडलं होतं, उंबऱ्यावर तिच्या चपला होत्या, आणि पलीकडे अंगण मोकळं होतं.

"गेली," ती म्हणाली.

मग ती उठली, उजवा पाय जरासा ओढत दारापर्यंत गेली, आणि ती बाई परत येऊ नये म्हणून तिने आतून कडी घातली.