खांबामागची खुर्ची

बेसबॉलच्या खेळाडूंनी संप पुकारला त्याला साडेतीन आठवडे झाले होते. तरीही त्या रविवारी दुपारी बाराच्या ठोक्याला ऑर्व्हिल हॅलब्रूकने गाडी स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये आणून लावली आणि मागचं दार उघडून कोळशाची शेगडी खाली उतरवली. फाटकाला साखळी होती, आत चिटपाखरू नव्हतं. पण फ्रिजवर चिकटवलेल्या वेळापत्रकात आज घरच्या मैदानावर सामना होता आणि ऑर्व्हिलच्या लेखी वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. चाळीस वर्षं हा माणूस लोखंडाच्या ओतशाळेत भोंग्याबरहुकूम कामाला गेलेला. भोंगा बंद पडला म्हणून घरी बसणाऱ्यांतला तो नव्हता.

त्याच्या मागोमाग थोरला मुलगा डेल घडीच्या खुर्च्या घेऊन आला, धाकटा रँडी बिअरचं खोकं घेऊन आला, आणि डेलची बायको कोलीन एका कडेवर सात महिन्यांची हॅना आणि दुसऱ्या हातात बटाट्याच्या सॅलडचा मोठा डबा सांभाळत आली. रेडिओवाल्यांनाही सध्या दुसरं काम नव्हतं. ते बारा वर्षांपूर्वीचा सामना पुन्हा ऐकवत होते, आणि ऑर्व्हिल त्यातल्या पंचाला नव्याने शिव्या मोजत होता.

"आंधळा आहे का लेकाचा?"

"पॉप, तो पंच कधीच वारला," डेल म्हणाला.

"मग आता तरी दिसत असेल त्याला!"

शेगडी तापली तसा वादही तापला. सुरुवात नेहमी रँडी करायचा. गाड्या धुण्याची दोन दुकानं होती त्याची. तीन पोरं कामाला ठेवल्यापासून तो स्वतःला भांडवलदारांच्या पंक्तीत धरायचा.

"वर्षाला दहा लाख डॉलर घेतात, आणि म्हणे आम्ही कामगार!"

"दहा लाख घेवोत नाहीतर दहा सेंट," ऑर्व्हिल म्हणाला. "संप तो संप. घाम त्यांचा, आणि गल्ला मालकांचा?"

"कसला घाम, पॉप? आपला सेंटर फील्डवाला अर्धा सामना तंबाखू थुंकत उभा असतो."

"उभं राहणं हेच त्याचं काम आहे. मीही चाळीस वर्षं भट्टीपुढे उभाच होतो. तेव्हा नाही म्हणालास बाप नुसता उभा असतो म्हणून!"

"अहो, मैदान मालकाचं, दिवे मालकाचे. ज्याला पटत नाही त्याने दुसरीकडे जावं."

"जाणार कुठे? सगळे मालक एका माळेचे मणी. आणि वर म्हणतात, पगाराला मर्यादा घाला. आधी तू तुझ्या साबणाच्या फेसाला घाल मर्यादा!"

डेल टपालखात्यात होता. कुणाचंही पत्र कुणालाही न रागावता पोचवायची त्याला सवय. "तसं दोघांचंही बरोबर आहे," तो म्हणाला. "पण ते सॉसेज कोणीतरी उलटा, जळतंय."

दोन पक्षांचं एकमत फक्त एका बाबतीत व्हायचं. घसा कोरडा पडेपर्यंत भांडून झालं की दोघंही कोलीनच्या डब्यात चमचा घालायचे. ते सॅलड म्हणजे नुसते बटाटे नव्हते. आदल्या संध्याकाळी, हॅना झोपली की उकडायचे, गरम असतानाच व्हिनेगर मुरवायचं, मोहरीची चटणी, बारीक चिरलेली काकडी, अंडी. सहा वर्षं एकही सामना त्या डब्याशिवाय झाला नव्हता. आणि एकही सामना तिच्या वहीशिवाय झाला नव्हता. प्रत्येक फटका, प्रत्येक बाद, पेन्सिलीने चौकोनाचौकोनात. वर्षभर या घरात कुठलाही वाद निघाला की शेवटचा शब्द त्या वहीचा.

गंमत अशी की ती वही लिहिणारीला खेळ दिसत नव्हता.

हॅलब्रूक कुटुंबाच्या चौदाव्या रांगेत चार खुर्च्या होत्या. पहिली ऑर्व्हिलची, दुसरी रँडीची, तिसरी डेलची. चौथ्या खुर्चीपुढे छप्पर पेलणारा लोखंडी खांब होता, चांगला कवेत न मावणारा. त्या खांबामागे नेमकं काय झाकलं जायचं, तर चेंडू टाकणारा आणि होम प्लेट. म्हणजे फलंदाज जिच्याशेजारी उभा राहतो ती जमिनीतली पांढरी पाटी. थोडक्यात, लग्नात नवरा-नवरी झाकावेत आणि बाकीचं वऱ्हाड दिसावं, तशी ती जागा. कोलीन बॅटच्या आवाजावरून लिहायची. चेंडू बॅटच्या मधोमध लागला की वेगळा टणत्कार, टोकाला लागला की वेगळा. तिचं क्वचितच चुकायचं.

हे कान तिला वडिलांच्या गोठ्यात मिळाले होते. धारा काढताना रेडिओवर सामना लागायचा, आणि आठ वर्षांची कोलीन गाईच्या पोटाला डोकं टेकवून डोळ्यांपुढे सगळं मैदान उभं करायची. म्हणूनच लग्न ठरवताना तिने डेलच्या दोन गोष्टी पाहिल्या होत्या: त्याचा स्वभाव आणि त्याच्या घरची हंगामाची तिकिटं. स्वभाव सांगितला तसा निघाला.

त्या रविवारी ऑर्व्हिलने खिशातून संघाचं पत्र काढलं. संघ खेळत नसला तरी पत्रं वेळेवर पाठवत होता. 'आपण प्रेक्षक नाही, आपण आमचं कुटुंब आहात,' असं वर लिहिलं होतं, आणि महिनाअखेर पुढच्या हंगामाचा फॉर्म न भरल्यास कुटुंबाच्या खुर्च्या दुसऱ्याला देऊ, असं खाली. फॉर्मवर चार रकाने होते. ऑर्व्हिलने दरवर्षीप्रमाणे गाडीच्या टपावर कागद ठेवून पेन उघडलं.

"पॉप," कोलीन म्हणाली, "यंदा माझं नाव चौथीपुढे नका लिहू. दुसरी द्या, तिसरी द्या. सहा वर्षांत मी होम प्लेट पाहिलेली नाही."

रेडिओवर बारा वर्षांपूर्वीचे लोक टाळ्या वाजवत होते. इथे ऑर्व्हिलने पेनाचं टोपण बंद केलं.

"अगं पोरी," ऑर्व्हिल समजुतीने म्हणाला, "या जागा ज्येष्ठतेने ठरलेल्या आहेत. तू आलीस तेव्हा तुला माहीत होतं. शिवाय हे आपलं घर आहे. घरात कुणी मागण्या ठेवतं का?"

"संघाच्या पत्रातही हेच लिहिलंय," कोलीन म्हणाली.

"तसं नाही. आयरीन बावीस वर्षं त्या खुर्चीत बसली. कधी एक शब्द काढला नाही."

आयरीन म्हणजे ऑर्व्हिलची बायको. ती गेली आणि पुढच्याच वसंतात तिची खुर्ची सुनेकडे आली, दागिना यावा तशी.

"मी व्यवहाराचं बोलतो," रँडी म्हणाला. "खांबामागच्या जागेला बाजारात किंमत शून्य. म्हणजे अदलाबदलीत तुझ्याकडे द्यायला काही नाही. मग आमच्यातला कोणी का उठेल? ज्याला पटत नाही त्याने..."

"तसं दोघांचंही..." डेलने सुरुवात केली, बायकोकडे पाहिलं, आणि वाक्य तिथेच मिटवून टाकलं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आत्ता पाच मिनिटांपूर्वी जगातल्या कामगारांसाठी छाती पिटणारा म्हातारा फॉर्मवर तळहात ठेवून अस्सल मालकासारखा उभा होता. कोलीनने मांडीवरच्या हॅनाकडे पाहिलं. पोर ओठांचा चंबू करून झोपली होती. आयरीनची खुर्ची कोलीनला आली. कोलीनची कुणाला जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

परतताना गाडीत डेल म्हणाला, "माझी घे ना. मी एकदा देतही होतो तुला."

"हो. पावसाने सामना रद्द झाला होता त्या दिवशी."

डेल हसला, मग ओशाळला. "या वेळी खरंच देतो."

"तू दिलीस तर तो तुझा चांगुलपणा झाला, डेल. तुझा गुडघा दुखायला लागला की मी परत खांबामागे. मला चांगुलपणा नको. फॉर्मवर नाव हवंय."

त्या पुढच्या बुधवारी मालकांनी उरलेला हंगामच रद्द करून टाकला. तरी वेळापत्रकातला पुढचा रविवार उजाडला आणि ऑर्व्हिलने शेगडी उतरवली. कोलीन आली ती कडेवर हॅना, हातात कुस्करलेल्या नासपतीची वाटी आणि स्वतःपुरतं एक सँडविच घेऊन.

"डबा गाडीत राहिला का?" ऑर्व्हिलने विचारलं.

"डबा नाही आणि वहीही नाही. मी संपावर आहे, पॉप."

रँडी खदखदून हसला. "मला वाटलंच होतं! डेल परवा फोनवर बोलला तेव्हाच मी तजवीज केली." त्याने पिशवीतून दुकानातून आणलेला प्लॅस्टिकचा डबा काढला. "हे घ्या. बदली सॅलड! कुणावाचून कुणाचं अडत नाही."

चिकट, गोड, पिवळ्याधमक अशा त्या लगद्यात त्याने चमचा घातला आणि वडिलांपुढे धरला. ऑर्व्हिलचा हात पुढे आला, आणि मध्येच थांबला.

तरुणपणी एकोणीस आठवडे संपात काढलेला माणूस तो. त्या हिवाळ्यात घरात कोबीच्या पाण्यावर दिवस काढले, पण संपाची रांग ओलांडून आत गेलेल्या शेजाऱ्याशी तो मरेपर्यंत बोलला नाही. त्याच्या मयतालाही गेला तो मागच्या बाकावर बसला. संपाच्या काळात बदली माणसाने केलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, हे त्याच्या रक्तात होतं.

"घ्या ना, पॉप."

"भूक नाही."

"सकाळपासून काही खाल्लं नाहीत तुम्ही!"

"मी संपफोड्याचं खात नाही," ऑर्व्हिल पुटपुटला.

कोलीनने हॅनाच्या हनुवटीवरची नासपती पुसली. "म्हणजे माझा संप तुम्हाला मान्य आहे."

म्हातारा असा काही दचकला, जणू स्वतःच्याच शेगडीवर बसला. चमच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. वाटाघाटीला बसताना टोपी काढायची, ही त्याच्या युनियनची रीत.

"बोल. पहिले तीन डाव तू दुसऱ्या खुर्चीत. नंतर जिथल्या तिथे."

"नऊही डाव."

"पाच. आणि सॅलड लगेच सुरू."

"नऊ. आणि नाव शाईने."

"अगं, दोन पावलं तू मागे ये, दोन मी येतो! असंच असतं हे."

"मी सहा वर्षं मागेच आहे, पॉप."

ऑर्व्हिलच्या मिशीखाली काहीतरी हललं. कुणीतरी आपल्याशी चांगलं भांडतंय याचा आनंद त्याला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. पण हार मानेल तर तो ऑर्व्हिल कसला. "आयरीनने मात्र कधी..."

"शेवटच्या आजारपणात त्यांनी मला एक छोटी उशी दिली," कोलीन हळूच म्हणाली. "म्हणाल्या, सामन्याला जाशील तेव्हा घेऊन जा. बसायला नाही, मानेला. खांबाच्या बाजूने डोकावून डोकावून मान धरते."

"तिची मान विणकामाने दुखायची," ऑर्व्हिल म्हणाला. "दर रविवारी मी मलम चोळून द्यायचो."

"पॉप, विणकाम त्यांनी सुरूच केलं ते खांबामुळे. दुसरं काय करणार होत्या तिथे बसून?"

डेलने उठून रेडिओ बंद केला. ऑर्व्हिल आपल्या तळहातांकडे बघत राहिला. बावीस वर्षं दर रविवारी मलम लावलेले ते हात. मग त्याने पेन काढलं, फॉर्म मांडीवर घेतला आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं.

"दुसरी खुर्ची, कोलीन. चौथी, रँडी."

"काय?" रँडी उडालाच. "मीच का? मला न विचारता? हा सरळसरळ अन्याय आहे!"

"खांब मालकाचा, दिवे मालकाचे," ऑर्व्हिल म्हणाला. "तूच म्हणालास ना, ज्याला पटत नाही त्याने दुसरीकडे जावं?"

"मी तिकिटांचे पैसे देतो! माझे काही हक्क आहेत! मी... मी बिअर आणणार नाही!"

"बस मग संपावर," डेल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एक बाजू घेतली होती. "आम्ही पाठिंबा देऊ."

महिनाअखेर फॉर्म द्यायला चौघं स्टेडियमवर गेले, तेव्हा संघाने कुटुंबीयांसाठी फाटक तासभर उघडं ठेवलं होतं. आपापल्या खुर्च्यांत बसून पाहा, म्हणून. चाळीस हजार खुर्च्यांत मिळून पंधरा-वीस माणसं. संप मिटायचं नाव नव्हतं. पुढच्या वसंतात खेळ होणार की नाही, हे फाटकावरचा रखवालदारही सांगू शकत नव्हता.

कोलीन चौदाव्या रांगेत दुसऱ्या खुर्चीत बसली. हॅनाला भूक लागली होती. इतके दिवस तिला पाजायला तो खांब आडोशाचा होता, हे तिला आत्ता जाणवलं. तिने खांद्यावरून दुपटं ओढून घेतलं आणि पोरीला छातीशी धरलं. शेजारी ऑर्व्हिल टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"मला काहीही दिसत नाहीये!" पलीकडून रँडी ओरडला.

"बघण्यासारखं काही नाहीच आहे," ऑर्व्हिल म्हणाला. "मैदान रिकामं आहे."

खाली एक माणूस ताडपत्रीची कड उचलून गुंडाळत चालला होता, आणि त्याच्या पावलांमागे तांबडी माती उघडी पडत होती, खडूची धूसर रेघ, आणि मग ती पाटी. तिला वाटलं होतं त्याहून खूपच लहान. पाच कोपऱ्यांची. एका बाजूला माती अजून खणल्यासारखी, कुणाच्यातरी बुटांनी शेवटच्या सामन्यात उकरलेली. दुपट्याखाली हॅना चुरुचुरु पीत होती, आणि कोलीन मान जराही न वळवता बघत होती.