मे महिन्यात न दिसलेली ओघळ

“नकाशात नाही म्हणजे नाही, आजी. तुम्ही आधी चरातून वर या.”

“मी बी तुझ्या नकाशात नाय. मग मी हाय का नाय, सांग.”

चरात उभी होती ती साळूबाई, खालच्या वस्तीतली. वर कागदाची गुंडाळी घेऊन उभी होती ती विशाखा, नव्या सोसायटीच्या बागा आणि आवार आखणारी. आणि ज्या चरावरून दोघींची जुंपली होती, तो भिंतीच्या पायासाठी माझ्या अंगातून आरपार खणलेला होता. मी ओघळ बोलतेय. डोंगरावरचं पाणी खाली नेते, आणि ते काम कुणाची परवानगी न काढता करत आलेय.

साताऱ्याच्या डोंगरात माझा जन्म, सातारा म्हणजे जिल्हा नव्हे, बीड बायपासपलीकडचं गाव. मला कुणी खणलं नाही. पाण्यानंच मुरूम कोरून वाट केली. शेतं होती तोवर मला मान होता. दोघं भाऊ बांधावरून डोकी फोडतील, पण बांधात माझ्यापुरता सांडवा सोडायला विसरायचे नाहीत. वरच्याचं पाणी खालच्याच्या रानातून जाणारच, हे त्यांना कागदाशिवाय ठाऊक होतं.

बहात्तरच्या दुष्काळी कामावर साळूबाई आली, नवी नवरी. शाळेचं तोंड तिनं बघितलं नव्हतं. पहिली सर आली तशी तिनं माझ्यात बाजरीचं भुसकट सोडलं, आणि ते जिथं रेंगाळलं तिथं दगडाचा ताल, म्हणजे आडवा बांध, रचला. मुकादम ओरडला, “रांग सरळ घे.” ती म्हणाली, “पाणी सरळ चालतंय का?” तिचे तीन ताल अजून माझ्यात आहेत. त्यांच्यामुळं मी पळायची थांबले आणि मुरायला शिकले.

मग बीड बायपास ओलांडून शहर आलं. बांध गेले, चुन्याच्या रेघा आल्या. माझ्यात राडारोडा पडला, त्यावर वेडी बाभूळ माजली. माणसांचं मला कळत नाही. नळाला आठवड्यानं पाणी येतं म्हणून कुरकुरतात आणि दारावरून जाणाऱ्या पाण्याला नाला म्हणून नाक मुरडतात.

विशाखा वाईट नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू? तिच्या कागदावर कडुनिंब होता, आपटा होता, पाणी जिरवायच्या गोष्टीही होत्या. पण मोजणी झाली मे महिन्यात. मी कोरडी, बाभळीखाली झाकलेली. मोजणीवाल्यांनी मला खड्डा समजून पुढं ‘भराव’ लिहिलं. बरोबर माझ्या पोटावर तिनं कारंजं मांडलं, टँकरनं भरायचं. खाली माझ्या वाटेत आडवी, सलग भिंत. आणि सोसायटीचं नाव काय, तर ‘निर्झर ग्रीन्स’. मी तिथंच पडले होते आणि माझ्याच उरावर पाटी रोवली होती.

त्या सकाळी मिक्सर फिरत होता. काँक्रीट ओतलं की मी संपले.

“मोजणी कवा केलीस?” साळूबाईनं विचारलं.

“मे महिन्यात.”

“मेमंदी आमच्या हिरीतबी पानी दिसत नाय. म्हून बुजवायची का ती?”

हबीबमिस्त्री थापी पुसत मधे पडला. “मॅडम, दीवार मैं पक्की बनाऊंगा. पर पानी कू रस्ता नै छोडा तो एक तर तुमची पार्किंग भरती, नाय तर दीवार नीचे के घरों पे जाती. अम्मा झूट नै बोलरी.”

“मिस्त्री, तुम्ही पण? आजी, नकाशा मंजूर झालाय. सह्या झाल्यात. माझ्या हातात काही नाही.”

साळूबाई गुडघ्यावर हात टेकत चरातून वर आली. पोरीला वाटलं, सुटले. म्हातारी आवाज न चढवता एकच वाक्य बोलली. विशाखानं गुंडाळी तिथंच मुरमावर उलगडली आणि हबीबच्या कानावरची पेन्सिल मागितली.

आज भिंतीत माझ्या रुंदीची जाळी आहे. कारंज्याच्या खड्ड्यात आता मी येऊन थांबते, मुरते. कडेनं वाळा लावलाय. पण मला चैन नाही. परवा वरच्या अंगाला पुन्हा चुन्याच्या रेघा पडल्या. तिथवर साळूबाई चढायची नाही, तिचे गुडघे गेलेत. म्हणून तुम्हाला सांगते. जागा बघायला उन्हाळ्यात जाऊ नका. आषाढात या, चपला हातात घ्या, मी कुठून जाते ते बघा, आणि मग रेघ ओढा. एवढं करूनही कुणी नकाशा तोंडावर मारलाच, तर साळूबाई त्या दिवशी जे बोलली ते त्याला ऐकवा:

“घाल भिंत, पोरी, मी आडवत नाय, फकस्त तिच्यावर तुझं नाव न् फोन नंबर मोठ्या अक्षरात लिही, म्हंजी घरात पानी शिरल्यावर हाक कुणाला मारायची ते खालच्या बायांना कळंल.”