पिंपातलं गुलाबी पाणी

झ्लातिनानं बरणीचं झाकण काढलं आणि आंबट वास वर्गभर पसरला.

"आलं का पिंप इथवर!" दोंचेवा बाईंनी नाक दाबलं. "तळघर नासवून पोट भरलं नाही वाटतं."

पोरं फिदीफिदी हसली. बाई झ्लातिनाच्या वरच्याच मजल्यावर राहायच्या. गेल्या हिवाळ्यात इमारतीच्या तळघरातलं झ्लातिनाच्या घरचं कोबी आंबवायचं पिंप गळलं आणि खारट पाणी बाईंच्या बटाट्यांत शिरलं. तेव्हापासून दोन्ही घरांत भांडणापुरतंच बोलणं उरलं होतं.

आज रसायनशास्त्राची शेवटची तोंडी परीक्षा. सहापैकी दोन पडले की नापास, तीनला पास. नापास झाली तर सोफिया शहरातल्या नर्सिंगच्या शाळेतली जागा गेली.

"लाल कोबीचा रस आण म्हटलं होतं. तो जांभळा असतो. हा गुलाबी कसा गं?"

"पिंपातला आहे. रंगासाठी आई एक लाल गड्डा टाकते."

"लिंबू पिळ."

तिनं पिळलं. रंग ढिम्म हलला नाही.

"दोन. बस खाली."

झ्लातिनाचे कान तापले. आंबलेलंच पाणी ते, त्यात आणखी आंबट घालून काय बदलणार? ताजा कोबी किसायचा कंटाळा केला, तो असा भोवला.

"हे मुळातच आम्ल आहे, बाई. म्हणून गुलाबी. आम्लारी घालून दाखवते."

"मला शिकवतेस? जीभ अगदी आईची."

"आईला मध्ये आणू नका."

परवानगीची वाट न बघता तिनं चमचाभर खाण्याचा सोडा बरणीत लोटला. फसफसून फेस वर आला, टेबलावर सांडला, बाईंची बाही भिजली. पुढची पोरं मागं सरकली. फेस बसला तसा तिनं आणखी सोडा घातला, मग आणखी. पाणी जांभळं झालं, शेवटी निळं.

"आम्ल संपलं. आता सोड्याची आम्लारी उरली." पुन्हा लिंबू पिळलं. निळं पाणी फसफसत गुलाबीकडं वळलं.

बाईंनी बाही झटकली. "ताजा रस सांगितला होता. चूक तुझीच."

"चूक माझी. उत्तर बरोबर आहे."

बाईंनी वहीतलं दोन खोडलं.

"तीन," बाई म्हणाल्या. "हुरळून जाऊ नकोस. पुढच्या वर्षी तुझं थोबाड या वर्गात बघायची माझी तयारी नाही, म्हणून."

"माझीही नाही, बाई."

"टेबल पूस आणि चालती हो."

झ्लातिनानं टेबल पुसलं. बाईंच्या बाजूचं तेवढं तसंच ठेवलं.