मेंढा शहारला

रावजी पाटलांचा मला राग होता, हे आधीच सांगून टाकतो. कुंभारीच्या अलीकडच्या आमच्या गावात शाळेला एकच पक्की खोली, आणि ती पंचायतीच्या ताब्यात. पाटील नऊ वर्षं सरपंच, म्हणून त्या खोलीत नऊ वर्षं त्यांचा कडबा. मी मास्तर असून चिंचेखाली शिकवायचो. धुळा धनगराच्या बायकोला, केराबाईला म्हणालो, "तुमच्या मायाक्काला शाळेत घाला." तर ती म्हणाली, "झाडाखालीच बसायचं तर माजी मेंढरं राखत बसंल की! खोली मिळंल तवा सांगा."

चौतीस सालच्या निवडणुकीत सात पंच निवडून आले. तीन पाटलांचे, तीन चनबसप्पा वाण्याचे आणि सातवा धुळा. चनबसप्पानं खोली मोकळी करायचा शब्द दिला होता. म्हणजे माझी शाळा आता धुळाच्या एका हातावर आली. आणि धुळा म्हणाला, "मी कोन सांगनार? बिरोबा सांगंल."

बिरोबा सांगतो ते मेंढ्याकडून. देवापुढं मेंढा उभा करायचा, एकाचं नाव घ्यायचं आणि मेंढ्याच्या पाठीवर भंडारा टाकून पाणी ओतायचं. अंग झाडून शहारला तर देवाला मान्य. न शहारला तर ते नाव संपलं.

सरपंच निवडायच्या दिवशी इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं आणि सोलापुराहून अव्वल कारकून आले होते. त्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग घड्याळ पाहिलं आणि सगळी सभाच बिरोबापुढं नेली.

"पयला मान माजा," पाटील म्हणाले. नऊ वर्षांची सवय! कुणी हरकत घेतली नाही. धुळानं भंडारा टाकला, पाटलांचं नाव घेतलं, तांब्याभर पाणी ओतलं. मेंढा रवंथ करत राहिला. दुसरा तांब्या झाला, तिसरा झाला. चौथा पाटलांनी स्वतः ओतला. मेंढ्यानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला हसू आवरेना, म्हणून मी इतिवृत्ताच्या वहीत तोंड घातलं.

"अरं, लोकर बघा की केवढी!" पाटील ओरडले. "पानी आत जातंय कुटं? भादरा त्येला आदी!"

"भादरायचा?" केराबाईनं शांतपणे विचारलं. "तुमीच म्हंताय न्हवं, पाटील?"

"व्हय, मीच म्हंतोय!"

केराबाईनं कातर आणून नवऱ्याच्या हातात दिली. धुळानं सावकाश मेंढा भादरला. तोवर अव्वल कारकुनांनी शेंगा फोडून खाल्ल्या. मेंढा गुळगुळीत झाला तसे पाटील तांब्या घेऊन पुढं आले.

"तुमचं इचारून झालं की, पाटील," केराबाई म्हणाली. "देवाला एकच गोष्ट दोनदा इचारत न्हाईत."

धनगरवाड्यातल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. पाटलांचा तांब्या हातातच राहिला. चनबसप्पा बिचारा भित्रा माणूस. त्याचं नाव घेतल्यावर त्यानं चार थेंब टाकले असतील. मेंढा असा शहारला की कारकुनांचे कागद भिजले. धुळानं हात वर केला.

पाटील क्षणभर लालबुंद झाले आणि मग एकदम खो खो हसत सुटले. "माज्याच तोंडानं भादराय सांगितलं की मी!" त्या हसण्यानं माझा निम्मा राग गेला. मी वहीत लिहिलं, 'धुळा यांनी पूर्ण विचारांती मत दिले.'

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडबा हलला. भिंतीवर नऊ वर्षांपूर्वी मीच गेरूनं लिहिलेली बाराखडी तशीच होती, फक्त खालची ओळ उंदरांनी नेली होती. पाटलांची फजिती आठवून मी मनसोक्त हसणार होतो, पण डोळे भरून आले.

तेवढ्यात केराबाई मायाक्काला घेऊन दारात उभी राहिली.

"केराबाई, खरं सांगा," मी म्हणालो. "लोकरीतून पाणी आत जात नाही, हे तुम्हांला ठाऊक होतं ना?"

"मेंढरं कोन राखतं मास्तर, तुमी का मी?" तिनं पोरीला भिंतीजवळ बसवलं. "हिला बिगीबिगी शिकवा."

"एवढी घाई कसली?"

"फुडच्या निवडणुकीला पाटील मेंढा भादरूनच आनत्याल, मग माजी कातर काय कामाची? तवर घरात कुनाला तरी लिवाय-वाचाय आलं पायजे की!"