मोजपट्टीचं टोक

नवऱ्याने होडीच्या मागच्या फळीवर पेन्सिलीने आडवी रेघ ओढली आणि करवत हातात घेतली. रेघ फळीच्या काठापासून बरोबर पाच इंच खाली होती.

काल नवी मोटर या फळीवर बसवून पाहिली, तेव्हा तिचा पंखा पाण्यात पुरता बुडेचना. वरवरचं पाणी उडवत तो नुसता किंचाळत राहिला आणि होडी जागच्या जागी. मोटरीचा दांडा होता पंधरा इंचांचा. फळीला वीसचा हवा होता.

"मोटरीला हाफ पॅन्ट शिवून आणलीस की रे," उपड्या बादलीवर बसलेले सासरे म्हणाले.

"बाबा, मापानंच आणलीय. हिनं आणि मी मिळून मोजलं होतं."

"एवढी शिकलेली माणसं तुम्ही, आणि इंच मोजता येईनात!"

ती मुलीच्या लाइफ जॅकेटचा पट्टा आवळत होती. आवळला, सैल केला, नदीकडे बघून पुन्हा आवळला. वल्ही मारून नदीची मधली धार ओलांडता येत नसे. आता मोटर आली म्हणून सोमवारपासून मुलगी होडीतून पलीकडच्या शाळेत जाणार होती.

"दुकानदार बदलून देईल ना?" तिने विचारलं.

"देईल, पण आठ दिवस लावेल. त्यापेक्षा फळीच कापून उतरवतो. पाच इंचांचा तर प्रश्न."

"पाठीमागून लाट आली की सरळ आत," सासरे म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

"नदी आहे बाबा, समुद्र नाही."

करवतीचे दात लाकडावर टेकले. एकदा पुढे, एकदा मागे. थोडा भुसा चिखलात पडला.

"थांबा," ती म्हणाली. "मोटर घ्यायच्या आधी दुकानातल्या मेकॅनिकचा फोन मी घेतला होता. काठापासून बाहेरून थेट बुडापर्यंत मोजा, असं त्याने सांगितलं होतं."

नवऱ्याने मान वर केली. "टोक तू धरलं होतंस."

"हो. आत. बसायच्या जागेखालच्या पाटावर."

"चुकून?"

"आई, टोचतंय," मुलगी म्हणाली.

तिने पट्टा एक घर सैल केला.

"नाही," ती म्हणाली.

सासरे उठले, मुलाच्या हातातून करवत काढून घेतली आणि ती मांडीवर आडवी ठेवून पुन्हा बादलीवर बसले.

नवरा बराच वेळ फळीवरच्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याने खिशातून मोजपट्टी काढली.

"धर."

ती चिखलात गुडघ्यांवर बसली. होडीच्या बाहेरून हात खाली नेत तिने टोक बुडाशी दाबून धरलं.

"वीस," वरून आवाज आला. "या सोमवारी नाही जमायचं. पुढच्या."

तिने टोक सोडलं नाही.

"पुन्हा बघा," ती म्हणाली.