हंसाच्या चोचीतला तारा

कुसुमला दुर्बिणीतून दोन तारे कधी दिसलेच नव्हते. लग्न होऊन ती नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या घरात आली, तेव्हा पहिल्याच दिवाळीत नवऱ्याने, गंगाधरमास्तरांनी, तिला गच्चीवर नेलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "हा हंसाच्या चोचीतला तारा. नुसत्या डोळ्यांना एक. आता भिंगातून बघ आणि सांग, किती दिसतात?"

तिने बघितलं. थरथरणारा एक ठिपका. "एक," ती म्हणाली. झालं! मास्तर हट्टालाच पेटले. नीट बघ, श्वास रोखून बघ, नळीला धक्का लावू नकोस. खाली स्टोव्हवर दूध, आणि हिचा सगळा जीव त्या दुधात. शेवटी दूध करपल्याचा वास जिन्यातून वर आला तेव्हा ती म्हणाली, "हो हो, दोन! दिसले, दोन आहेत."

मास्तरांचा चेहरा असा काही फुलला की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण सुटका झाली, हेही खरं. तेव्हापासून मास्तरांनी जोडतारा दाखवला की ही म्हणणार "दोन", आणि तारकागुच्छ दाखवला की "अगंबाई, केवढे हे!" नवऱ्याचं मन राखायला बायका काय काय बोलतात, त्यातलंच हे एक. नवरेही अळणी आमटीला छान म्हणतातच की. त्यात कुणाचं काय बिघडतं?

मास्तर शाळेत गणित शिकवायचे. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण डाव्या डोळ्यात फूल पडलं. वाचणं, शिकवणं, आकाश बघणं, सगळा भार उजव्यावर. त्या एका डोळ्याला माणूस किती जपायचा! रंगपंचमीला सगळं नाशिक रंगाच्या रहाडीत, जमिनीतल्या त्या मोठ्या हौदात, उड्या मारत असायचं आणि मास्तर दाराला कडी लावून घरात बसायचे. दुर्बीण त्यांनी घरीच केलेली. मोडीत निघालेल्या बोटीच्या खिडकीची जाड काच मुंबईहून आणली, पिंपावर ठेवली आणि पिंपाभोवती फिरत फिरत, दुसऱ्या काचेने घासून घासून तिचा आरसा केला. आल्यागेल्याला सांगायचे, "आरसा माझा, पण डोळा हिचा. घारीचा डोळा आहे. मला जे ओळखायला मिनिटभर लागतं, ते ही बसल्याबसल्या सांगते." शेजारच्या सुमनबाई हसायच्या, "मग काल आमच्याकडचे तांदूळ निवडले त्यात खडे कसे हो राहिले?" सगळे हसायचे. कुसुमही हसायची, आणि चहाचं निमित्त करून आत जायची.

एकोणऐंशी सालची दिवाळी चार दिवसांवर आली होती. दिवे लागायच्या वेळी मास्तरांनी वरून हाक मारली. कुसुम कणीक मळत होती, तशीच पिठाच्या हातांनी वर गेली. दुर्बीण अभिजित ताऱ्यावर लावलेली. मास्तर काही म्हणजे काही बोलले नाहीत. या आकाश बघणाऱ्यांची रीतच आहे ती. दुसऱ्याला साक्षीला बोलवायचं तर आधी काही सांगायचं नाही. सांगितलं की माणसाला तेच दिसायला लागतं.

आता ऐका, मास्तरांच्या मनात काय होतं ते. अभिजित हा दुर्बिणीत एकटाच दिसणारा तारा. आणि गेले काही दिवस त्यांना तो दोन दिसत होता, एकमेकांना चिकटलेले दोन. म्हणजे एक तर आरसा बिघडला, नाहीतर डोळा. आरसा बिघडला असेल तर कुसुमलाही दोन दिसतील. तिला एक दिसला, तर डोळाच गेला म्हणायचा आणि उद्या सकाळी मुंबई गाठायची.

"किती दिसतात?" मास्तरांनी विचारलं.

तिने भिंगाला डोळा लावला न लावला. एकच दिसला, नेहमीसारखा. "दोन," ती म्हणाली.

मास्तर हसायलाच लागले. "नक्की दोन?"

"दोनच की हो! आता काय शपथ घेऊ?"

"अगं, जीव भांड्यात पडला माझा! आरसा बिघडलाय, आरसा!"

बिघडल्याचा एवढा आनंद? वेडा माणूस, असं म्हणत ती पोळ्या लाटायला खाली गेली.

दिवाळीनंतर पिंप अंगणात आलं. शाळेतून आले की मास्तर पिंपाभोवती फिरत आरसा घासायचे. इकडे वर्गात फळ्यावरची ओळ वाकडी जायला लागली, पोरं फिदीफिदी हसायला लागली. संक्रांतीला त्यांनी तिळगूळ घ्यायला हात पुढे केला, तो वाटीच्या शेजारीच पडला. कुसुमला राहवलं नाही. "अहो, एकदा डोळा दाखवून या ना."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," मास्तर म्हणाले. "डोळ्याला काय धाड भरलीय? बिघाड डोळ्यात असता तर तुला अभिजित एक दिसला असता. तुलाही दोनच दिसले ना?"

आता कुठे तिला कळलं, आपल्या त्या 'दोन'ने काय केलं ते. तेव्हा तरी बोलायचं ना बाई! पण काय बोलणार? इतकी वर्षं तुमच्या तोंडावर खोटं बोलले, असं? आज सांगू, उद्या सांगू, करत तिने दिवस ढकलले. रोज डॉक्टरांचं टुमणं लावायची, पण खरं कारण काही जिभेवर येईना. बाहेर आरसा घासल्याची खरखर ऐकू आली की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

चैत्रात आरसा तयार झाला. मास्तरांनी संध्याकाळी दुर्बीण चित्रा नक्षत्राच्या, एकट्याच दिसणाऱ्या ताऱ्यावर लावून घेतली आणि तिला बसवलं. "किती?"

"एक," ती म्हणाली. "एकच आहे. देवाशप्पथ एक."

मास्तर आनंदाने पुढे झाले, डोळा लावला. त्यांना अजून दोनच दिसत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आता डोळा."

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय. दिवाळीच्या सुमारास आला असतात तर वाचवता आला असता. परतीच्या गाडीत मास्तर तिलाच समजावत राहिले. "नशीब बघ. आरसा आणि डोळा, दोन्ही एकदम बिघडायचे होते. नाहीतर मला तेव्हाच कळलं असतं." कुसुम खिडकीतून बाहेर बघत रडत होती. ती आपल्यासाठीच रडतेय, असं त्यांना वाटलं.

शाळेची नोकरी सुटली. उजवा डोळा गेलाच; फूल पडलेल्या डाव्याला उजेड आणि माणसांच्या सावल्या, एवढंच उरलं. पुढच्या दिवाळीत एका संध्याकाळी मास्तर म्हणाले, "चल, वर जाऊ. आता माझा डोळा तूच. हंसाची चोच लाव."

तिने दुर्बीण लावली. खाली स्टोव्हवर काही नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. तिने श्वास रोखला, नळीला धक्का लावला नाही, आणि जन्मात पहिल्यांदा मनापासून बघितलं. ठिपका थरथरला, थांबला, आणि सरळ दोन झाला.

"अहो!" ती ओरडलीच. "दोन आहेत! खरंच दोन आहेत हो! एक हळदीसारखा पिवळा, आणि बाजूला निळा, एवढुसा!"

मास्तर हसले. मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं.

"खरंच म्हणजे?" त्यांनी विचारलं.

ती स्टूल पुढे सरकवून भिंगाला आणखी चिकटली.

"कुसुम, अभिजित किती दिसला होता तुला?"

तिने भिंगावरचा डोळा काढला नाही. त्यांच्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती.

"एक," ती म्हणाली.

चाचपडत मास्तरांनी दुर्बिणीचं झाकण शोधलं आणि नळीच्या तोंडावर बसवलं. भिंगातले दोन्ही तारे गेले. कुसुम तशीच डोळा लावून बसून राहिली.